‘आपण’ म्हणजे कोण?

2025 च्या गणपतीतली गोष्ट. भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोदकांचे आणि आराशीचे फोटो येत होते. त्यांच्या मध्येच मी माझ्या बेसबॉल संघाबद्दल, सिएटल मॅरिनर्सबद्दल, एक ओळ टाकली : ‘आपण अजून ह्यूस्टनच्या मागे आहोत, पण तीन आठवडे हातात आहेत.’ दादरच्या मावसभावाचं लगेच उत्तर आलं, ‘आपण म्हणजे कोण?’ आणि पाठोपाठ दुसरं, ‘आमच्याकडे जिंकलेल्या ट्रॉफ्या मोजतात. तुमच्याकडे शक्यता मोजतात.’ खाली सगळ्यांचे हसरे चेहरे.

मी तेव्हा गप्प बसलो. पण ते वाक्य मनातून गेलं नाही. ऑक्टोबरात सिएटल मॅरिनर्स हरले त्या दिवशी त्याने पुन्हा लिहिलं, ‘शेवटी शक्यताच उरली ना?’ म्हणून आता सविस्तर उत्तर देतो.

आधी ट्रॉफ्यांचं बघू. मुंबईने रणजी 42 वेळा जिंकली, आयपीएल 5 वेळा. ज्याला जन्मतःच रांगेत पहिला नंबर मिळाला, त्याला रांग म्हणजे काय ते कसं कळणार? आम्ही सांगलीचे. आमचा संघ महाराष्ट्र. प्रा. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला, त्यानंतर आजतागायत नाही. माझ्या बाबांचा जन्मही त्यानंतरचा. तरी ते दर हिवाळ्यात पेपरच्या आतल्या पानावरचा बारीक टाइपातला धावफलक चष्मा वर करून वाचायचे आणि कडेला पेन्सिलीने बेरजा करायचे : पहिल्या डावाच्या आघाडीचे गुण धरले तर बाद फेरी गाठता येते का, त्यासाठी तिकडे कोणी हरायला हवं. जानेवारी 2014 मध्ये महाराष्ट्राने उपांत्यपूर्व फेरीत मुंबईला वानखेडेवर 8 गडी राखून हरवलं, तेव्हा त्यांनी माझ्या मध्यरात्री मला फोन करून उठवलं होतं. केदार जाधवने त्या हंगामात 1223 धावा काढल्या. अंतिम सामन्यात हैदराबादला कर्नाटककडून हरलो. दादरकरांना तो विजय आठवत नाही, मी विचारून पाहिलंय.

तेव्हा शक्यता मोजणं मी अमेरिकेत शिकलो, हा समज आधी काढून टाकावा. ते मी सांगलीहून घेऊन आलो.

मी सिएटलला आलो 2003 मध्ये. दोनच वर्षांपूर्वी, जपानहून आलेल्या इचिरोच्या पहिल्या हंगामात, मॅरिनर्सनी 116 सामने जिंकून शिकागो कब्जच्या 1906 च्या विक्रमाशी बरोबरी केली होती. ऑफिसात अजून त्याच गप्पा चालायच्या. मला वाटलं, चांगल्या घरी येऊन पडलो. पण 2001 नंतर 20 हंगाम संघ प्लेऑफमध्ये गेला नाही. माझं लग्न, दोन मुलं, तीन नोकऱ्या, बॉथेलचं घर, सगळं त्या वीस वर्षांत झालं. संध्याकाळी 405 हायवेवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकायच्या आणि रेडिओवर समालोचक डेव्ह नीहाउसचा आवाज असायचा. खेळ कळण्याआधी मला तो आवाज कळला. सांगलीच्या घरी ट्रान्झिस्टरभोवती जी शांतता असायची, तशी शांतता गाडीत असायची. 2010 च्या नोव्हेंबरात नीहाउस गेले, तेव्हा पार्किंगमध्ये बराच वेळ मी इंजिन बंद करून बसून होतो.

मावसभाऊ म्हणतो, दुसऱ्याने हरावं म्हणून देव पाण्यात ठेवणारा संघ प्लेऑफच्या लायकीचाच नसतो. हे त्याचं आवडतं मत. मे महिन्यात, आयपीएलच्या शेवटी, तिकडचे सगळे पेपर ‘जर-तरचं समीकरण’ छापतात, तेव्हा तो हेच बोलतो, फक्त मुंबईचा नंबर चौथा-पाचवा असला की बोलत नाही. पण 14 सामन्यांत तुम्ही काय मोजणार? इथे 162 असतात. एप्रिलच्या थंडीत, निम्मं मैदान रिकामं असताना, एका साध्या मंगळवारी हरलेला सामना सप्टेंबरात दाराशी येऊन उभा राहतो. 2021 मध्ये आपण 90 सामने जिंकलो आणि शेवटच्या दिवशी बाहेर पडलो. काइल सीगर त्या दिवशी नवव्या इनिंगमध्ये रडत मैदानाबाहेर गेला. या एकाच संघासाठी 11 हंगाम, आणि प्लेऑफचा एकही सामना नाही. लोक उभे होते, कोणी निघून गेलं नाही. 2023 मध्ये 88 विजय, एका सामन्याने हुकलं. 2024 मध्ये 85, पुन्हा एकाच सामन्याने.

त्या प्रत्येक सप्टेंबरात लाइट रेलमध्ये, कॉफीच्या रांगेत, मुलांच्या सॉकरच्या मैदानाकडेला एकच वाद : आशा धरायची की नाही. टेक्ससशी टाय झाली तर आपसातल्या सामन्यांत कोण वरचढ, गटात पहिले न येणाऱ्यांसाठीच्या वाइल्ड कार्डचं शेवटचं तिकीट कुणाला, मालकांनी जुलैत नव्या खेळाडूंसाठी पैसे सोडले असते तर. 2023 च्या हंगामानंतर संघाचे प्रमुख जेरी डिपोटो बोलून गेले, दहा वर्षांत सरासरी 54 टक्के सामने जिंकणं हे ध्येय असावं. काय संताप झाला लोकांचा! शेवटी त्यांना माफी मागावी लागली. पण संतापलेले तेच लोक एप्रिलमध्ये मैदानावर होते. मुंबईने 2024 च्या आयपीएलसाठी कर्णधार बदलला, तेव्हा वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी हार्दिक पंड्याची हुर्यो उडवली. ते बघून इथे माझी मान खाली गेली होती. पाच ट्रॉफ्या मोजणाऱ्यांना एक वाईट हंगाम सोसवत नाही, हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

ग्रुपवर कधी लिहिली नाही अशी एक गोष्ट इथे सांगतो. ग्रीन कार्डसाठी माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत लागल्याची तारीख, होती जून 2010. दर महिन्याला अमेरिकी सरकारचं व्हिसा बुलेटिन यायचं आणि त्यातली एक तारीख मी बघायचो : रांग कुठवर सरकली ते त्यावरून कळायचं. 2012 च्या वसंतात ती 1 मे 2010 वर आली. माझ्यापासून एका महिन्यावर. बायकोने पडद्यांचं कापड आणलं होतं. आणि मे 2012 च्या बुलेटिनमध्ये तारीख एकदम ऑगस्ट 2007 वर मागे गेली. मी काही चूक केली नव्हती, माझं काम बिघडलं नव्हतं. दुसऱ्या देशांच्या वाट्याचे किती व्हिसा उरतात, त्यातले आपल्या रांगेला किती मिळतात, सगळं त्याच्यावर. कार्ड हातात यायला 2021 उजाडलं. एवढी वर्षं मी दुसऱ्यांच्या निकालांवरच जगलो. म्हणून देव पाण्यात ठेवणाऱ्यांना कुणी नालायक म्हटलं की मला राग येतो. त्या वर्षांत रविवारच्या फोनवर बाबा विचारायचे, ‘काय रे, किती मागे?’ ते संघाबद्दल विचारायचे की कार्डाबद्दल, हे मी कधी स्पष्ट करून घेतलं नाही. जे जरा बरं असेल त्याचं उत्तर द्यायचो.

30 सप्टेंबर 2022 ला मी मैदानात होतो. ओकलंडशी 1-1 अशी बरोबरी, नववी इनिंग, दोन आउट, तीन बॉल, दोन स्ट्राइक. आपल्या कॅल रॉलीने चेंडू उजवीकडच्या प्रेक्षकांत भिरकावला आणि 2001 नंतर पहिल्यांदा आपण आत गेलो. माझ्या शेजारी 11 नंबरचा जुना शर्ट घातलेला एक म्हातारा माणूस होता, संध्याकाळभर आम्ही चार शब्दही बोललो नव्हतो. त्याने मला घट्ट मिठी मारली. मी ओरडत होतो, ‘आलो! आपण आलो!’ मराठीत. त्याला काय कळलं असेल ते असो. त्या क्षणी मला दुसरी भाषा सुचली नाही.

इंग्रजीत हा प्रश्न येत नाही. तिथे ‘वी’ म्हटलं की झालं, माझी मुलं लहानपणापासून सहज म्हणतात. मराठीत मात्र ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. मी ग्रुपवर ‘आपण’ लिहिलं, कारण तुम्हालाही त्यात धरायचं होतं. बावीस वर्षं मी तुमच्या गोष्टी माझ्या म्हणून वाचतोय : पुराचं पाणी आयर्विन पुलाशी किती फुटांवर आलं, कुणाची पोरगी कुठे लागली, मुंबई चौथी येते की नाही. माझी एक गोष्ट तुम्ही तुमची म्हणावी, एवढंच त्या शब्दात होतं. दादा, तू ‘आमच्याकडे’, ‘तुमच्याकडे’ लिहिलंस, ते मला ट्रॉफ्यांच्या टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. अनंत चतुर्दशीला आपण अटलांटात जिंकलो आणि तिथून सलग 10. मग ह्यूस्टनला त्यांच्याच मैदानावर तिन्ही सामन्यांत हरवलं. 24 सप्टेंबरला, रॉलीने हंगामातला 60 वा होम रन, म्हणजे इथला षटकार, मारला त्याच रात्री, 2001 नंतर पहिल्यांदा आपण आपल्या गटात, म्हणजे डिव्हिजनमध्ये, पहिले आलो. आणि 20 ऑक्टोबरला टोरांटोत, वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेच्या दारात, सातव्या, निर्णायक सामन्याच्या सातव्या इनिंगमध्ये, आपण 3-1 ने पुढे असताना टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होम रन मारला. 4-3. वर्ल्ड सिरीज कधीच न खेळलेला मेजर लीगमधला एकमेव संघ अजून आपलाच.

मुलं न जेवता खोलीत गेली. दारातल्या पणत्यांत मी तेल घालत होतो तेव्हा फोन वाजला. सांगलीत लक्ष्मीपूजनाची सकाळ उजाडली होती. बाबांनी दिवाळीचं काही विचारलं नाही.

‘काय रे, हरलो का आपण?’

‘हो बाबा,’ म्हटलं. ‘आठ आउट बाकी होते.’