दिवाळीहून परत येताना सॅक उघडू नका

गावी निघताना तुम्ही सॅकमध्ये दोन जर्नलं, तीन पुस्तकं आणि एक कोरी वही कोंबली होती. ती जशीच्या तशी परत न्यायची आहेत. सुट्टीत एकदा जरी उघडलीत तर पुस्तकांना सवय लागते. सॅक माजघरात ज्वारीच्या पोत्याला टेकवून ठेवा. पोरगं अभ्यास घेऊन आलंय म्हणून आई खूश, आणि दुपारी तुम्हाला उशाला काहीतरी.

कॉलेज सोमवारी उघडतं. म्हणून सोमवारी जायचं नसतं. सोमवार बाकं पुसायला, मंगळवार कोण कोण आलं नाही ते मोजायला. तुम्ही गुरुवारी निघा. कुणी विचारलंच तर तुळशीचं लग्न आहे. ते कार्तिक द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही लावता येतं. विद्यार्थ्यांची एवढी काळजी पंचांगात दुसऱ्या कुठल्या सणानं घेतलेली नाही. 75 टक्के हजेरीची धमकी येईल, तिकडं लक्ष देऊ नका. 40 तासांतले 10 बुडवायचा तो परवानाच आहे, आणि हक्काचं सोडणारी आपली माणसं नव्हेत.

फक्त तासगावकडच्यांनी 'द्राक्षबागेत औषध मारायचं होतं' हे कारण सांगू नये. खरं असलं तर मुळीच नाही. ऑक्टोबर छाटणी झालेली, त्यावर अवकाळी पाऊस, वेलीवर डाऊनी हा बुरशीचा रोग आलेला. चार दिवस तुम्ही खरंच वडिलांबरोबर बागेत असाल. पण सांगलीत सरांचीही बाग असते. ते हजेरीपट मिटतात आणि विचारतात, "कुठलं मारलं? शंभर लिटरला किती घेतलं?" आमच्या वर्गात एकाला औषधाचं नाव आठवेना. सर म्हणाले, "मग चार दिवस काय फवारत होतास लगा, अत्तर?" पुढची तीन वर्षं त्याला कुणी नावानं हाक मारली नाही.

एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाका. रुमालाला सीट मिळते, तुम्हाला मिळेलच असं नाही. आई 'रूम बघून येते' म्हणाली तर मात्र सावध. 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे 'उगं खर्च कशाला' हे जुनं अस्त्र बोथट झालंय. विश्रामबागच्या त्या रूमवर सुट्टीआधीच्या चहाच्या कपात काय उगवलंय ते आईनं बघणं तुम्हाला परवडणारं नाही. कॉट बेसिसवर राहणारी चारही पोरं स्वच्छ आहेत अशी तिची समजूत आहे. ती जपा.

फराळाचा डबा पहिल्या रात्री उघडू नका. चौघं आपापले डबे कॉटखाली सारून एकमेकांना 'संपला रे घरीच' म्हणतात आणि दिवे मालवल्यावर अंधारात चार कोपऱ्यांतून शेव कुडकुडते. मेसवाल्या काकूंकडं खाडे, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे, मागायला जाताना एक पुडी न्या. खाडे मिळणार नाहीत, पण नकार गोड येईल.

आता जर्नल. सबमिशनच्या आदल्या रात्री हुशार पोराचं आणा आणि उतरवा. मात्र आकडे थोडे हलवा. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचं पुस्तकातलं 9.81 जसंच्या तसं लिहिणारा लगेच पकडला जातो. 9.84 लिहा, थोडं चुकलेलं प्रामाणिक दिसतं. खरी गंमत अशी की पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्ताकडं फुगलेली आहे, त्यामुळे सांगलीच्या अक्षांशावर ही किंमत 9.78 च्या आसपास भरते. म्हणजे वर्गात एखाद्यानं खरोखर लंबक हलवून, वेळ मोजून, नीट गणित केलं तर त्याचं उत्तर पुस्तकाशी जुळणार नाही. असा एकजण होता. त्यानं मग 78 खोडून 81 केलं. तुम्ही असल्या भानगडीत पडू नका, दोरा शोधण्यातच अर्धा तास जातो.

उतरवायला बसताना मात्र सॅक उघडावीच लागेल. तेव्हा कळेल की आईनं चकल्यांची पिशवी नेमकी जर्नलावर ठेवली होती. पहिल्या अकरा पानांवर पारदर्शक गोल. घाबरू नका, तसंच न्या. तेलावर पेन चालत नाही. सर दोनदा सही गिरवतात, उमटत नाही, पान वास घेतल्यासारखं जवळ नेतात. मग पुढची पानं न बघता शेवटच्या कोरड्या कोपऱ्यात सही करतात आणि हळूच विचारतात, "भाजणीची का?"