मन बदलता येतं, पण त्या फॉरवर्डमध्ये सांगितलंय तसं नाही

नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या मित्रमैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द बदलतात, गाभा तोच असतो. माणसाच्या मनात दिवसाला ६०,००० विचार येतात आणि त्यातले ८० टक्के नकारात्मक असतात. रोज सकाळी आरशासमोर 'मी यशस्वी आहे, मी निरोगी आहे' असं म्हणा, २१ दिवसांत मेंदू बदलतो. शरीरातली प्रत्येक पेशी तुमचे विचार ऐकते, त्यामुळे सकारात्मक माणसाला मोठे आजार होत नाहीत आणि झाले तरी बरे होतात. नकारात्मक माणसांना आयुष्यातून वजा करा. खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा' अशी विनंती.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. विचार करण्याची सवय बदलता येते, हेही खरं आहे. पण या मजकुरातला एकेक दावा तपासला की दिसतं, ज्याला आधाराची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्याच डोक्यावर तो दोष ठेवतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

'२१ दिवसांत मेंदू बदलतो.' हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस तरी लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे 'निदान' गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी अख्खं आयुष्य आलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक साधी गोष्ट करायला सांगितली. जेवताना पाणी पिणं, जेवणाआधी थोडं धावणं, अशा गोष्टी. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ती गोष्ट अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाला, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. बाविसाव्या दिवशी 'माझ्यात काहीच बदल नाही, म्हणजे मीच कमकुवत' असं मानून सोडून देणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

'६०,००० विचार, ८० टक्के नकारात्मक.' यावर फार वेळ घालवायला नको. एक विचार कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे ठरवल्याशिवाय मोजणार काय? कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली मेंदूच्या स्कॅनमधले बदल मोजून दिवसाला सहा हजारांच्या थोडा वर, असा अंदाज काढला. त्यात चांगलं-वाईट अशी वर्गवारी नव्हती.

'आरशासमोर रोज म्हणा.' पुण्यात सदाशिव पेठेतल्या, नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं टेबलावर चिठ्ठ्या चिकटवतात: 'मी उपजिल्हाधिकारी आहे.' पहिल्या प्रयत्नाच्या वेळी ती चिठ्ठी उभारी देत असेल. तिसऱ्यांदा कट-ऑफला काही गुण कमी पडल्यावर तीच चिठ्ठी समोर बघणं कसं असेल, याचा विचार करा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोअन वुड यांनी विद्यार्थ्यांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं होतं त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं त्यांना, वाक्य न म्हणणाऱ्या तशाच विद्यार्थ्यांपेक्षा, अधिक वाईट वाटलं. यात मला नवल वाटत नाही. ज्यावर आपला विश्वास नाही ते तोंडाने म्हटलं की मन आतून लगेच विरुद्ध पुरावे काढून दाखवतं.

यशाची नुसती रम्य चित्रं रंगवण्याबद्दलही असंच. जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांनी वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा एक लहानसा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध केला. 'मला हे जमेल' असा विश्वास असणाऱ्यांचं वजन जास्त घटलं, पण सगळं सहज होईल अशा स्वप्नात रमणाऱ्यांचं कमी घटलं. त्यांनी पुढे सुचवलेली रीत साधी आहे. हवं ते डोळ्यांसमोर आणा, लगेच त्याच्या आड काय येतंय ते पाहा, आणि ते आलं की काय करायचं हे आधीच ठरवा.

मन बदलण्याचा याहून जुना, कसाला लागलेला मार्गही आहे. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मराठीत ती पोचवण्यासाठी कि. मो. फडके यांनी आयुष्यभर काम केलं. या पद्धतीत वाईट वाटणं नाकारत नाहीत. 'मी पास व्हायलाच हवं होतं, नाही झालो म्हणजे माझा जन्म वाया' हे वाक्य पकडायचं आणि त्यातल्या 'व्हायलाच हवं'ला प्रश्न विचारायचे. हाती उरतं ते असं: 'पास व्हावं अशी माझी मनापासून इच्छा होती. झालो नाही, याचं दुःख आहे. आता पुढचा अर्ज कुठला?' दुःख आहे तिथेच आहे, पण माणूस पुन्हा कामाला लागू शकतो. याला मी सकारात्मक विचार म्हणते.

'पेशी तुमचे विचार ऐकतात, सकारात्मक माणूस बरा होतो.' संपूर्ण मजकुरात मला सगळ्यात क्रूर वाटतो तो हा दावा. माझ्या मावशीला स्तनांचा कर्करोग झाला तेव्हा घरच्या गटावर हाच मजकूर प्रेमाने आला. दुसऱ्या केमोनंतर तिने मला विचारलं, "मी आधीपासून फार काळजी करायचे, म्हणून झालं का गं हे?" उलट्यांनी हैराण झालेली बाई, आणि वर स्वतःवरच आरोप.

तिला जे सांगितलं तेच इथे सांगते. तोंडाच्या कर्करोगामागे तंबाखू, गुटखा, सुपारी, दारू असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणू असतो. स्तनांच्या कर्करोगात वय, संप्रेरकं, काही घराण्यांत चालत आलेली जनुकं यांचा हात असतो. काळजीखोर स्वभाव या यादीत नाही. बरं होण्याबद्दलही तेच. जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोकं-मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची माहिती तपासली. २००७ साली आलेल्या त्या अभ्यासात मनाने उभारी धरलेले रुग्ण इतरांपेक्षा जास्त जगले असं आढळलं नाही.

मग मनाची काळजी घेणं फुकट का? मुळीच नाही. शरीरभर पसरलेला स्तनांचा कर्करोग असलेल्या २३५ स्त्रियांवरचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. गटात बसून मरणाची भीती, राग, मुलांची काळजी मोकळेपणाने बोलणाऱ्यांचं आयुष्य वाढलं नाही. पण ज्या आधीपासून जास्त खचलेल्या होत्या, त्यांना मनाचा आणि वेदनेचा त्रास कमी झाला. हा फायदा मोठा आहे, आणि तो भीती बोलून दाखवल्याने मिळाला. गावाकडून येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहणाऱ्या, परळला टाटा रुग्णालयात खेपा घालणाऱ्या माणसाला 'हसत राहा' सांगण्यापेक्षा 'उद्या रिपोर्ट आणायला मी येऊ का?' असं विचारा.

'नकारात्मक माणसांना वजा करा.' छळ करणाऱ्या, अपमान करणाऱ्या माणसापासून दूर व्हायलाच हवं. पण मजकुरात तो फरक कुठेच नाही. सतत निराश बोलणारा, फोन न उचलणारा, लग्नाकार्यात कोपऱ्यात बसणारा भाऊ किंवा मैत्रीण नैराश्याच्या आजारात असू शकते. झोप, भूक उडालेली, कशातच रस नाही, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललेलं असेल तर त्या माणसाला डॉक्टरकडे घेऊन जा. गाव लहान असेल, मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसेल, तर सरकारची टेली-मानस सेवा आहे. १४४१६ वर दिवसरात्र केव्हाही फोन लावता येतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पुढे पाठवायचंच असेल तर हा क्रमांक पाठवा, आणि ज्याची काळजी वाटते आहे त्याला गटावर न लिहिता स्वतः फोन करा.