खालचं शोधू नका

सकाळी अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून गेलेली माझी धाकटी बहीण आज संध्याकाळी वर जॅकेट चढवून घरी आली. भर उकाड्यात. विचारलं तर म्हणे ऑफिसात एसी जास्त होता. मी काही बोलले नाही. तासाभराने तिनेच सांगितलं.

लिफ्टमध्ये एका सहकारी बाईंनी तिचा हात धरला. विचारलं नाही, सरळ धरला. उजेडाकडे वळवला, तिथल्या टॅटूतल्या पक्ष्याच्या पंखावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगं, खालचं अजून दिसतंय की! नाव होतं ना? कोणाचं?" लिफ्टमध्ये आणखी चार जण होते.

तेव्हापासून डोकं भणाणलंय. आपल्यापैकी कोणी असं वागणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तर इथे लिहितेय.

धाकटीने १९व्या वर्षी डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, एक नाव गोंदवून घेतलं होतं. ठसठशीत काळ्या शाईत, देवनागरीत, वर जाड शिरोरेषा. ते कोणाचं, ते का नकोसं झालं, हे मी इथे लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. गेली सात वर्षं ती पूर्ण बाह्या घालत होती, एवढं पुरे.

हो, घाईत नाव गोंदवू नये. मान्य. पुढे जाऊ या.

मग तिने कव्हर-अप करायचं ठरवलं, जुन्या टॅटूवर नवा टॅटू काढून तो झाकायचा. हे म्हणजे भिंतीवर दुसरा रंग मारणं, असं मलाही वाटायचं. तिच्यासोबत गेले तेव्हा आर्टिस्टने समजावून सांगितलं. त्वचेचा वरचा थर सारखा झडत आणि नवा होत राहतो. शाई त्याच्या खालच्या थरात असते, जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोल. नवी शाईही तिथेच उतरते. ती जुनीच्या वर बसत नाही, तिच्यात मिसळते. म्हणून गडद फिक्याला झाकतं, फिकं गडदाला कधीच झाकत नाही. धाकटीला जुईची पांढरी फुलं हवी होती. त्या आर्टिस्ट मुलीने सरळ नकार दिला. काळ्यावर पांढरं टिकणार नाही, थोड्या दिवसांत मळकट राखाडी दिसेल आणि खालून अक्षरं वर येतील. धाकटीचा चेहरा एवढासा झाला. मला त्या आर्टिस्टचा राग आला होता, पण बरोबर तीच होती. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून हो म्हणणारे असतातच.

आधी लेझरची तीन सिटिंग झाली, दोन सिटिंगमध्ये दीड-दोन महिन्यांचं अंतर. पूर्ण काढायचा नव्हता, फक्त फिका करायचा होता. लेझर शाईचे कण फोडतो आणि ते बारीक कण शरीर हळूहळू वाहून नेतं, त्याला वेळ द्यावाच लागतो. कोणी म्हणेल, मग लेझरनेच पूर्ण का नाही काढला? काढतात लोक, ठीक आहे. पण त्याला कितीतरी जास्त सिटिंग लागतात, आणि तरीही पुसट छाया मागे राहू शकते.

मग स्टेन्सिलचा दिवस. त्या मुलीने ट्रेसिंग पेपरवर जुनी अक्षरं उतरवून घेतली आणि तो कागद धाकटीच्या हातावर इकडून तिकडून फिरवत अर्धा तास बसली. फुलांऐवजी खंड्या ठरला होता, तो निळ्या पाठीचा, नारिंगी पोटाचा. पंखाचा गडद निळा अक्षरांवर आला पाहिजे आणि नारिंगी पोट कोऱ्या त्वचेवर, नाहीतर नारिंगीखाली काळं मातकट दिसेल. अक्षरं तीन बोटं रुंद होती, पक्षी त्याच्या अडीच पट झाला. एवढा मोठा कशाला, असं विचारणाऱ्यांना हे सांगायचंय. लहान चित्राने काही झाकलं जात नाही, नजर तिथेच जाते. नजरेला दुसरीकडे न्यायला जागा लागते.

आणि ती शिरोरेषा! तीन सिटिंगनंतरही ती सगळ्यात हट्टी होती. तिचं काय करायचं यावर सगळं अडलं होतं. शेवटी त्या मुलीने कागद जरासा तिरका केला आणि म्हणाली, "ही पंखाची कड." बस्स. धाकटी तेव्हा पहिल्यांदा हसली. मी बाजूला स्टुलावर बसले होते, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

त्या रेघेवर आज कोणीतरी बोट फिरवलं.

काय मिळतं लोकांना? प्रेयसी विनोनाच्या नावाचा 'विनोना फॉरेव्हर' टॅटू नातं तुटल्यावर 'वाइनो फॉरेव्हर' (कायमचा दारुडा) करून घेणाऱ्या हॉलिवूडच्या जॉनी डेपचा किस्सा सगळे हसत हसत सांगतात. आमच्या पोरीचा मात्र हात उजेडाकडे वळवून तपासायचा. जसं काही तिने चोरीचा माल लपवलाय! "केलंस ते मिरव ना, झाकतेस कशाला" हेही ऐकून झालं. ज्याला जुना टॅटू जपायचा आहे त्याने खुशाल जपावा, माझं काही म्हणणं नाही. पण तिला स्वतःचा हात नुसता हात म्हणून बघायचा होता. भांडी घासताना, केस विंचरताना, दिवसातून शंभर वेळा तो डोळ्यांसमोर येतो. तो हात तिचा आहे. त्याखाली काय आहे ते आम्हाला दाखव, हे म्हणायचा हक्क कोणाला कोणी दिला?

बाई मनाने वाईट नसतील, हेही लिहून टाकते. धाकटीच म्हणाली तसं. माझा राग त्याने कमी होत नाही.

मी मधे वाचलं होतं की टॅटू टिकतो तो आपल्याच पेशींमुळे. त्या शाईचे कण गिळून धरून बसतात, आणि एक पेशी मेली की सुटलेले कण दुसरी उचलते. २०१८ साली उंदरांवरच्या संशोधनात हे दिसलं. ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. शरीर असं धरून ठेवतं, आणि आपण त्या पोरीला विचारायचं, अजून आहे का गं खाली?

हे लिहिताना मधे उठले होते. धाकटीने टेबललॅम्प लावून हात पुढे केला आणि विचारलं, "ताई, खरंच दिसतंय का?" खोटं बोलावंसं वाटलं, पण ती सात वर्षं झाकत आली आहे, तिला कळलं असतं. नीट बघितलं. पंखाच्या कडेला, निळ्याच्या आत, एक रेघ किंचित जास्त काळी आहे. "आहे एक रेघ," म्हटलं, "पुढच्या आठवड्यात टच-अप आहे, तेव्हा दाखवू तिला."

"बरं," म्हणाली. जॅकेट खुर्चीच्या पाठीवरून उचललं आणि कपाटात ठेवून दिलं.