हारुनोबूच्या घड्याळाचे ठोके

जपानी लाकडी ठशांच्या चित्रांबद्दल, म्हणजे उकियो-एबद्दल, एक मजकूर सगळीकडे फिरतोय. ही स्वस्त बाजारू चित्रं होती, थोर चित्रपरंपरेशी त्यांचं नातं नव्हतं, जपान्यांनी ती भांडी गुंडाळायला वापरली आणि त्यांचं मोल युरोपनं ओळखलं, असं त्यात म्हटलंय. ती बाजारात विकली जात, एवढंच त्यातलं खरं.

परंपरेशी नातं नव्हतं? उकियो-ए चित्रकार सुझुकी हारुनोबूची १७६६ च्या सुमाराची ‘झाशिकी हाक्केई’ ही आठ चित्रं बघा. चीनमधल्या शियाओ-शियांग नद्यांकाठची आठ दृश्यं हा अकराव्या शतकापासूनचा मानाचा विषय. अशी शाईची चित्रं जपानचे शोगुन, म्हणजे लष्करी शासक, जपून ठेवत. हारुनोबूनं तीच आठ दृश्यं घरातल्या दिवाणखान्यात आणली. दूरच्या देवळातली सांजघंटा त्याच्याकडे ठोके देणारं घड्याळ झाली: न्हाऊन आलेली बाई सैल कपड्यात बसलीय आणि सोबतची मुलगी मान वळवून घड्याळाकडे बघतेय. वाळूवर उतरणारे रानहंस म्हणजे कोतो वाद्याच्या तारांखाली तिरक्या रांगेत बसवलेल्या घोड्या. आणि परतणाऱ्या होड्यांची शिडं? दांडीवर वाळत घातलेला पंचा! मला यातलं हे सर्वांत आवडतं. जुनी चित्रं ठाऊक नसतील तर ही गंमत कळणारच नाही. म्हणजे बघणाऱ्यांना ती ठाऊक होती.

स्वस्त म्हणावं, तर ही मालिका आधी क्योसेन या कवी सामुराईनं आपल्या वर्तुळासाठी करवून घेतली. बाजारात ती नंतर आली. अशाच हौशी कविमंडळांनी १७६५ मध्ये चित्रमय दिनदर्शिकांवर पैसा ओतला, म्हणून बहुरंगी छपाई बहरली. रंगागणिक वेगळा ठसा कोरायचा आणि कागद दरवेळी खुणेच्या खाचेत अचूक बसवायचा. हे घाईघाईचं काम नव्हे.

परंपरेशी नातं इथंही दिसतं: पुढच्या पिढीतला उकियो-ए चित्रकार उतामारो याचे गुरू तोरियामा सेकिएन तर शोगुनांच्या पदरी असलेल्या कानो घराण्याच्या शैलीत शिकलेले.

राहिला युरोपचा मुद्दा. फ्रेंच चित्रकार ब्राकमोंनं १८५६ मध्ये पॅरिसमध्ये उकियो-ए चित्रकार होकुसाईचं पुस्तक पाहिलं, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, ओता नान्पो या लेखकानं उकियो-ए चित्रकारांची माहिती अठराव्या शतकाच्या अखेरीसच लिहून काढायला घेतली होती. ब्राकमोंच्या हाती ते पुस्तक लागलं तेव्हा नान्पोच्या नोंदी अर्धशतक जुन्या होत्या, आणि इतर जपानी रसिकांनी त्यांत भरही घातली होती.