‘दुहेरी विष’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

माझ्या मावशीला गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. उपचारांच्या तिसऱ्या आठवड्यात तिने रुग्णालयात जायला नकार दिला, कारण तिच्या फोनवर असा संदेश आला होता: रेडिएशन आणि केमो एकत्र म्हणजे दुहेरी विष, रुग्ण उपचारानेच दगावतो, जुलाब लागले की महिनाभर थांबावे, रुग्णाच्या अंगातून किरण निघतात, मुलांना दूर ठेवावे, केस सगळे जातात.

‘उपचारानेच दगावतो’ हे धादांत खोटे आहे. टाटा मेमोरियल सेंटरने आजार ‘तीन-ब’ टप्प्यात, म्हणजे गर्भाशयमुखाबाहेर बराच पसरलेला असलेल्या 850 स्त्रियांवर केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसते रेडिएशन घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी 46 टक्के हयात होत्या, तर सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध घेतलेल्यांपैकी 54 टक्के. केमो घेणाऱ्यांत रक्तपेशी घटण्याचा त्रास अधिक झाला, हेही त्याच अभ्यासात नोंदलेले आहे.

सर्वांत घातक सल्ला महिनाभर थांबण्याचा आहे. बाहेरून दिलेले रेडिएशन आणि त्यानंतरची ब्रॅकीथेरपी (किरणांचा स्रोत शरीरात गर्भाशयमुखाजवळ ठेवून दिलेले रेडिएशन) मिळून सगळे उपचार आठ आठवड्यांत संपवायचे असतात, कारण मध्ये खंड पडला की उरलेल्या कर्कपेशी अधिक वेगाने वाढू लागतात आणि आधी घेतलेल्या किरणांचा परिणाम काही प्रमाणात वाया जातो. पांढऱ्या पेशी फार घटल्या किंवा मूत्रपिंडावर ताण आला, तर डॉक्टर सिस्प्लॅटिनचा त्या आठवड्याचा डोस पुढे ढकलतात किंवा वगळतात; रेडिएशन मात्र शक्यतो चालू ठेवतात. हा फरक न कळणाऱ्या माणसाने असा सल्ला लिहावा आणि आजारी बाईने तो प्रमाण मानावा, याचा मला संताप येतो. जुलाब बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतात, गोळ्यांनी आटोक्यात येतात आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांत बहुतेकींचे थांबतात.

बाहेरून दिलेल्या किरणांमुळे अंगात काहीही उरत नाही. ब्रॅकीथेरपीत सहसा किरणांचा स्रोत काही मिनिटांतच काढून घेतात. नातवंडांना जवळ घ्यावे. सिस्प्लॅटिनने केस विरळ होऊ शकतात, पण सगळे क्वचितच जातात.

त्रास दीर्घकाळ राहू शकतो, एवढे मात्र मान्य करावे लागते. पाळी कायमची थांबते, योनीमार्ग अरुंद व कोरडा होतो, आणि काहींना महिन्यांनी किंवा वर्षांनी शौचातून वा लघवीतून रक्त जाते. योनीमार्ग मोकळा राहावा म्हणून डायलेटर (आत घालायची गुळगुळीत नळी) वापरतात, हे मावशीला उपचारांआधी कोणी सांगितले नव्हते. ते मी परवा तिच्या डॉक्टरांना विचारून घेतले. सोमवारी ती पुन्हा रेडिएशनला गेली, मधले तीन दिवस मात्र बुडाले.