मालाचा माग आणि उचलीचा माग: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पुरवठा साखळीतल्या, म्हणजे कच्च्या मालापासून दुकानापर्यंतच्या टप्प्यांतल्या, बालमजुरीवर मी लेख लिहिला होता. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण तुमचा एक मुद्दा बरोबर निघाला आणि तो तपासून पाहायचा होता.

इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. पुरवठा साखळीतली बालमजुरी आणि वेठबिगारी शोधणं म्हणजे श्रीमंत गिऱ्हाइकाला रात्री झोप लागावी म्हणून चाललेला कागदी खेळ. बंदी आली की पोराच्या तोंडचा घास जातो. आयातबंदी हा नीतीचा बुरखा घातलेला व्यापारी स्वार्थ. आणि मी लेखात आकडे फुगवले.

आकड्यांचं आधी, कारण तिथे मी चुकले. २०२४ मध्ये जगात १३ कोटी ८० लाख बालमजूर होते, हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफचा अंदाज मी दिला आणि पुढच्याच वाक्यात मोबाइल आणि चॉकलेटवर उडी मारली. वाचणाऱ्याला वाटणार, ही सगळी मुलं निर्यातीच्या मालासाठी राबतात. तसं नाही. त्यातली सुमारे ६१ टक्के शेतीत आहेत, बरीचशी घरच्याच. निर्यातीच्या साखळीशी जोडलेल्या बालमजुरीचं प्रमाण, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसह चार संस्थांच्या २०१९ च्या अहवालानुसार, प्रदेशागणिक ९ ते २६ टक्के भरतं. वाक्य दुरुस्त केलं आहे. याच अहवालात हेही आहे की या मुलांपैकी बरीच शेवटच्या कारखान्यात सापडत नाहीत, ती त्याच्या मागे, कच्च्या मालापाशी असतात. म्हणजे जिथे कुणी बघायला जात नाही तिथे.

व्यापारी स्वार्थाबद्दल तुम्हाला अजून एक दाखला माझ्याकडूनच घ्या. अमेरिकेच्या १९३० च्या टॅरिफ कायद्यात वेठबिगारीच्या मालाला बंदी होती, पण देशात जी वस्तू पुरेशी बनत नाही तिला सूट होती. आपल्या कारखानदाराला झळ लागत असेल तर वेठबिगारी वाईट, आपल्याकडे न पिकणारा कोको असेल तर चालतंय! ही पळवाट बुजायला २०१६ साल उजाडलं. तेव्हा हेतूवर शंका घ्या, माझी हरकत नाही. पण जुलै २०२० मध्ये याच कायद्याखाली मलेशियाच्या टॉप ग्लोव्ह कंपनीचे रबरी हातमोजे अडवले गेले, तेव्हा परदेशातून आलेल्या मजुरांनी नोकरीसाठी दलालांना मोजलेले पैसे कंपनीला परत करावे लागले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बंदी उठली. पैसे परत मिळालेल्या मजुराला अमेरिकेचा हेतू शुद्ध होता का, हे विचारून बघा.

तोंडचा घास मात्र खरा आहे, आणि माझ्या लेखात तो आलाच नव्हता. १९९२ मध्ये अमेरिकी सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरांनी बनवलेला माल रोखणारं विधेयक आणलं. ते कधी मंजूरही झालं नाही. पण नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या कपड्यांच्या कारखान्यांनी मुलांना काढायला सुरुवात केली. अंदाजे ५० हजार मुलं बाहेर पडली, त्यात मुलीच जास्त. ती शाळेत गेली नाहीत. युनिसेफनेच पुढे लिहून ठेवलं की काही खडी फोडायला गेली, काही रस्त्यावर किडूकमिडूक विकू लागली, काही वेश्याव्यवसायात ढकलली गेली. शिवणयंत्राचा हॉल त्यापेक्षा बरा होता, हे म्हणताना जीभ अडखळते, पण होता. जुलै १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा करार झाला तो ही चूक बघूनच. १४ वर्षांखालच्या मुलाला शाळेत जागा मिळेपर्यंत काढायचं नाही, शिकताना दरमहा भत्ता द्यायचा आणि त्याच्या जागी घरातल्या मोठ्या माणसाला काम द्यायचं. म्हणजे तुमचा आक्षेप शोधण्यावर नसून शोधल्यावर हात झटकण्यावर असायला हवा. तिथे मी तुमच्याच बाजूला आहे.

आता कागदी खेळ. इथे मी निम्मी तुमच्याशी सहमत आहे, आणि ते ऐकीव माहितीवरून नाही. मी काही वर्षं एका निर्यातदार कंपनीत ऑडिटच्या, म्हणजे मजुरांना कसं वागवलं जातं त्या तपासणीच्या, फायली लावत होते. एकदा हजेरीचं रजिस्टर चाळताना दिसलं की तीन महिन्यांचा ओव्हरटाइम एकाच निळ्या पेनाने, एकाच दाबाने लिहिलाय. एकही खाडाखोड नाही, चहाचा डाग नाही. खरं रजिस्टर असं नसतं. ते दुसऱ्या कपाटात होतं. ऑडिटर आले, सॅम्पल म्हणून दहा पानांचे फोटो काढले आणि गेले. कराचीच्या अली एंटरप्रायझेस कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये एसए ८०००, म्हणजे मजुरांना नीट वागवत असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. ११ सप्टेंबरला आग लागली आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायचे दरवाजे बंद होते.

कोकोत तर कागद खोटा असायचीही गरज नाही. आयव्हरी कोस्टमध्ये छोट्या शेतकऱ्याकडून बिया उचलतो तो पिस्तेर, म्हणजे फिरता खरेदीदार. त्याच्या गाडीवर पाच शेतांचा माल एका पोत्यात जातो. पुढे प्रमाणित आणि अप्रमाणित बिया एकाच ढिगात पडतात आणि ‘मास बॅलन्स’ पद्धतीत हिशेब फक्त वजनाचा राहतो: शंभर टन प्रमाणित घेतला ना, मग शंभर टनांच्या मालावर शिक्का मारा. तुमच्या हातातल्या चॉकलेटच्या वडीत त्या शेतातली एकही बी नसेल, तरी शिक्का नियमाप्रमाणेच. चॉकलेट कंपन्यांनी २००१ मध्ये शब्द दिला होता, २००५ पर्यंत सर्वात वाईट बालमजुरी संपवू. मुदत २००८ झाली, मग २०१०, मग २०२० आणि लक्ष्यही खाली आलं. २०२० मध्ये शिकागो विद्यापीठातल्या एनओआरसी संस्थेने आयव्हरी कोस्ट आणि घाना मिळून कोकोत काम करणाऱ्या मुलांची संख्या मांडली: १५ लाख ६० हजार.

मग मी हा विषय लावून का धरते? कारण माग काढून दाखवणारे आहेत. २०१५ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या पत्रकार इंडोनेशियाच्या बेंजिना बेटावर पोहोचल्या. तिथे मासेमारीसाठी डांबून ठेवलेली माणसं होती, काही पिंजऱ्यात. माल भरून निघालेलं जहाज त्यांनी उपग्रहावरून थायलंडच्या बंदरापर्यंत पाहिलं, रात्री ट्रकांच्या मागे गाड्या लावल्या, कोणत्या फॅक्टरीत मासळी उतरते ते टिपलं आणि ती नावं अमेरिकेच्या सीमाशुल्क नोंदींशी ताडली. दोन हजारांहून जास्त माणसं सुटली. उझबेकिस्तानात सरकारच शिक्षक, डॉक्टर, विद्यार्थ्यांना कापूस वेचायला जुंपायचं. तिथले कार्यकर्ते अटका सोसून शेतात जाऊन नोंदी ठेवत राहिले, बड्या ब्रँडांनी तो कापूस नाकारला, आणि मार्च २०२२ मध्ये बहिष्कार उठला तो व्यवस्था खरंच मोडल्यावर.

दोन्हीकडे शोधणाऱ्यांनी माणसापासून सुरुवात केली. आपण मात्र पोत्याला चिठ्ठी लावून बसतो. पोतं मिसळतं, वितळतं, रंग बदलतं. उचल, म्हणजे मजुराने कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, मिसळत नाही. मजुराने किती उचल घेतली, मुकादमाने ती कोणत्या दराने फिरवली, पासपोर्ट कुणाच्या कपाटात आहे, नोकरीसाठी किती मोजले, हे मजुराला तोंडपाठ असतं. विचारणाऱ्याने फक्त मालकाच्या केबिनमध्ये बसून विचारू नये.

शेवटी तुम्ही लिहिलंत, “मग विकत घ्यायचं काय, ते सांगा.” यादी माझ्याकडे नाही, आणि जे देतात त्यांच्या यादीवर माझा भरवसा नाही. पुढच्या वेळी एखादी कंपनी ‘नैतिक’ म्हणून मिरवत असेल तर तिला दोन प्रश्न लिहून पाठवा: तुमच्या पुरवठादारांची नावं-पत्ते जाहीर आहेत का, आणि त्यांच्याकडच्या मजुरांनी नोकरीसाठी भरलेले पैसे तुम्ही परत केलेत का? मी अशी अकरा पत्रं पाठवली. दोघांनी उत्तर दिलं, त्यातल्या एकाने नुसतं माहितीपत्रक जोडलं होतं.