तीन कात्रणं, पण स्रोत एकच

खानापूरहून एका वाचकांनी मागच्या लेखावर घेतलेला आक्षेप थोडक्यात असा: मराठी माध्यमाच्या मुलांना कन्नड लिपी शिकवणाऱ्या ॲपची बातमी तीन दैनिकांत आली, दहा हजार डाउनलोड झाले, तरी विकिपीडियावर त्याचा स्वतंत्र लेख नको असं तुम्ही म्हणता. गणित शिकवण्याच्या जिओजेब्रा या सॉफ्टवेअरला लेख चालतो, मग सीमाभागातल्या कामालाच का नाही?

नमस्कार. आपल्याकडच्या कामाची दखल कुणी घेत नाही ही तुमची खंत रास्त आहे, मलाही ती आहे. पण तुम्ही पाठवलेली तिन्ही कात्रणं शेजारी शेजारी ठेवून वाचा. पहिलं वाक्य शब्दशः तेच, फोटो तोच, शेवटचा मोबाइल नंबरही तोच. म्हणजे एकच प्रेसनोट तीन ठिकाणी छापून आली. तिघांचा मिळून स्रोत एक, आणि मजकूर ॲप करणाऱ्यांनीच दिलेला, त्यामुळे तोही स्वतंत्र नाही. शिवाय निम्मी बातमी उद्घाटनाची आणि सत्काराची. ॲपबद्दल जेमतेम दीड ओळ.

उल्लेखनीयता, म्हणजे विकिपीडियावर स्वतंत्र लेख असण्याची पात्रता, ठरते ती ॲपशी लागेबांधे नसलेल्या माणसाने, विश्वासार्ह ठिकाणी, ॲपवरच सविस्तर लिहिलं असेल तर. सविस्तर म्हणजे काय, ते याच विषयात पाहा. कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ वेगळे, तसेच ‘ओ’चेही दोन, मराठीत हा भेदच नाही. जोडाक्षरात आपण पहिलं अक्षर अर्धं करतो, कन्नडमध्ये पहिलं पूर्ण राहतं आणि दुसरं त्याच्या पायाशी येतं. ‘अक्का’ लिहिताना मराठी मूल अडखळतं ते इथेच. हे ॲप ही अडचण कशी हाताळतं, कुठे कमी पडतं, हे एखाद्या त्रयस्थ कन्नड शिक्षकाने शैक्षणिक मासिकात दोन पानं लिहिलं, तर तो खरा स्रोत. असे निदान दोन तरी हवेत. डाउनलोडचा आकडा कितीही मोठा असो, त्यावरून लेखातला एक परिच्छेदही लिहिता येत नाही.

जिओजेब्राचं बळ इथेच आहे. 2001 मध्ये मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबुर्ग विद्यापीठात ते सुरू केलं. त्यांच्याशी काही संबंध नसलेल्या अनेक संशोधकांनी गणित-शिक्षणाच्या नियतकालिकांत त्यावर शोधनिबंध लिहिले.

स्रोत मराठी किंवा कन्नड असला, नेटवर नसला, तरी पूर्ण चालतो. हे ठासून सांगतो, कारण आपल्याकडची बरीच माहिती अजून कागदावरच आहे. ई-पेपरची लिंक पुढे बंद पडते आणि मग लेख बिनसंदर्भाचा दिसू लागतो. म्हणून दैनिकाचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक आणि मथळा, पाचही लिहा. आवृत्ती गाळू नका. बेळगावच्या अंकातली बातमी कोल्हापूरच्या अंकात त्याच पानावर असेलच असं नाही.

शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या विद्यापीठांच्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातही शोधा. राणी चन्नम्मा विद्यापीठात किंवा इतरत्र एखाद्या पीएचडी प्रबंधात हे ॲप वर्गात वापरून तपासलं असेल आणि संशोधक ॲपच्या टीममधला नसेल, तर तो प्रबंध मोलाचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट मात्र धरत नाहीत. शासनाच्या यादीतलं नुसतं नावही नाही.

तोवर काम थांबवायचं कारण नाही. मराठी विकिपीडियावर धूळपाटीत, म्हणजे सरावाच्या कच्च्या पानावर, मसुदा ठेवा. कन्नड लिपीच्या किंवा सीमाभागातल्या शिक्षणाच्या लेखात दोन वाक्यं बसतील, पण त्यांनाही संदर्भ हवाच. तुम्ही स्वतः ॲपच्या टीममध्ये असाल तर तसं उघड लिहा आणि मजकूर लेखात न टाकता चर्चापानावर सुचवा. घाईने लेख टाकला आणि तो वगळला गेला, तर पुढे चांगले स्रोत मिळाल्यावरही आधीच्या वगळण्याचं उत्तर द्यावं लागतं.

शाळेने काढलेल्या स्मरणिकेत एका शिक्षिकेचा या ॲपवर लेख आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तो पूर्ण पाठवा, मुखपृष्ठ आणि संपादक मंडळाच्या पानासह. त्या मंडळात ॲपवाल्यांपैकी कुणी आहे का, ते आधी बघू.